कालिपाच्या शेतात मत्तय नाही

जूनमधल्या एका सकाळी सात वाजता एजेचा फोन आला. मी काराकोलच्या स्टँडवर गाडीत माणसं भरत होतो.

"सगीन, ये."

"काय झालं?"

"काल चार होते. आज सात आहेत. एक जण तर बायकोला घेऊन आलाय, आणि ती माझ्या जर्दाळूखाली सतरंजी टाकून टरबूज कापतेय."

"एजे, माझी गाडी भरत आलीय."

"मग रिकामी कर."

एजे म्हणजे माझी थोरली बहीण, कालिपा. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, म्हणून ती 'रिकामी कर' म्हणाली की मी गाडी रिकामी करतो. तीस वर्षं तिनं आमच्या कारा-दोबोच्या शाळेत स्वयंपाक केला. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक माणसानं तिच्या हातची लापशी खाल्लीय आणि तिच्या पळीचा मारही. तिचा नवरा शारशे ट्रॅक्टर चालवायचा, तो नऊ वर्षांपूर्वी वारला. मुलगा मॉस्कोत. एजेकडे आहे काय, तर सरोवराच्या काठी एक घर, घरामागे पाऊण एकर बटाटे आणि बांधावर एक वाकडं जर्दाळूचं झाड.

आणि त्या पाऊण एकरात, लोकांच्या म्हणण्याप्रमाणे, संत मत्तय.

गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटते. सहाशे वर्षांपूर्वी स्पेनजवळच्या एका बेटावर कोणीतरी जगाचा नकाशा काढला. त्यात आमचं इस्सिक-कुल सरोवर आहे, त्याच्या काठी एक इमारत आहे, वर क्रूस, आणि शेजारी लिहिलंय की इथे आर्मेनियन साधूंचा मठ असून येशूचा शिष्य मत्तय याचा देह इथे आहे. बस्स. एवढंच. आम्ही किरगीझ, आम्ही मुसलमान, आणि सरोवराभोवती सहाशेहून जास्त किलोमीटरचा काठ. नकाशा काढणारा इकडे फिरकलासुद्धा नसेल. पण तेवढ्या एका ओळीवर गेली दीडशे वर्षं कोणी ना कोणी येऊन आमच्याकडची माती उकरतंय. कधी रशियन पाद्री, कधी लेनिनग्राडचे प्राध्यापक, कधी पाणबुडे.

हे सगळं चालायचं ते आमच्यापासून लांब, कुठेतरी. पण त्या मे महिन्यात बिश्केकच्या टीव्हीवर बेगायिम नावाच्या एका मुलीचा कार्यक्रम लागला, 'तुम्हाला कुणी सांगितलंच नाही' असल्या नमुन्याचा. त्यात ती डोळे मोठे करून म्हणाली की जुन्या कागदपत्रांनुसार मठाची जागा कारा-दोबो गावात एका वाकड्या जर्दाळूच्या झाडापासून पाण्याच्या दिशेनं चाळीस पावलांवर आहे. आणि पडद्यावर झाड दाखवलं. एजेचं. त्यावर वाळत घातलेला एजेचा टॉवेलसुद्धा दिसत होता.

मी पोचलो तेव्हा एजे बांधावर उभी होती आणि तिच्यासमोर एक टकला माणूस कानाला डबडी लावून धातू शोधायचं यंत्र फिरवत होता.

"त्यानं काय सापडतं रे?" एजेनं त्याला विचारलं.

"धातू, आजी."

"मत्तय लोखंडाचा होता?"

"पेटीला कड्या असतील ना."

"कड्या! माझ्या नवऱ्यानं चाळीस वर्षं इथे ट्रॅक्टर चालवला. नटबोल्ट सोडून तुला काही मिळणार नाही. आणि पाय उचल. रोपावर उभा आहेस."

त्यानं पाय उचलला आणि शेजारच्या रोपावर ठेवला.

मी त्यांना हाकललं. गेले. दुपारी दुसरे आले. एजेनं एका फळीवर रंगानं लिहिलं, किरगीझमध्ये आणि रशियनमध्ये: 'इथे संत नाही. बटाटे आहेत.' संध्याकाळपर्यंत लोक त्या फळीशेजारी उभं राहून फोटो काढायला लागले.

ती गावप्रमुखाकडे गेली. मला घेऊनच, तिला साक्षीदार लागतो. एसेनकुल खुर्चीतून उठला, कारण त्यानंही पळी खाल्लेली.

"एसेनकुल, तुझ्याकडे शिक्का आहे ना? मला कागद दे. लिही, कालिपाच्या शेतात मत्तय नाही. सही कर, शिक्का मार, मी तो दारावर लावते."

"अपा," तो म्हणाला, थोरल्या बाईला आमच्याकडे असंच म्हणतात, "असं कसं लिहू? उद्या सापडला तर?"

"सापडला तर फाडून टाकू!"

"आणि बघा, पर्यटन वाढतंय. दुकानवाल्या बाईनं आठवड्याभरात जेवढं आइस्क्रीम विकलं तेवढं गेल्या वर्षभरात विकलं नव्हतं. गावाचं भलं होतंय."

"गावाचं भलं माझ्या बटाट्यावर उभं राहून होतंय!"

तिथून मशिदीत. आमचे मोल्दो, म्हणजे मौलवी, भले आणि मऊ बोलणारे. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "कालिपा, येशूचे सोबती आपल्यालाही आदराचेच. असतील तर त्यांच्या कबरीचा मान राखायला हवा. नसतील तर अल्लाला ठाऊक." हे त्यांनी तिला एकटीलाच सांगितलं असतं तर ठीक, पण जुम्म्याच्या दिवशी चारचौघांत सांगितलं. शनिवारी जर्दाळूच्या फांद्यांना चिंध्या बांधलेल्या. पांढऱ्या, निळ्या, कुणाच्या तरी पोराच्या मोज्याची एक. नवस!

एजे खुर्चीवर चढून एकेक चिंधी सोडत होती आणि खाली उभ्या असलेल्या दोन बायका 'पाप लागेल, पाप लागेल' करत होत्या.

"कुणाला लागेल? माझं झाड आहे! याच्या जर्दाळूचा मुरंबा तुम्ही दोघींनी खाल्लाय!"

मग काराकोल. आधी वस्तुसंग्रहालय. तिथली बाई म्हणाली, जागा वारसा-यादीत असेल तरच आम्ही तिच्याबद्दल दाखला देतो.

"यादीत नाही."

"मग नाही देता येत."

"म्हणजे तिथे मत्तय असता तर तो असल्याचा दाखला दिला असता, पण नसल्याचा नाही?"

"हो," बाईला एजेचं म्हणणं समजल्याचा आनंद झाला.

मग लाकडी चर्च. तिथला तरुण पाद्री चांगला माणूस होता, त्यानं आम्हाला बसवून चहा दिला आणि म्हणाला, "मावशी, मत्तयाचे अवशेष इटलीत आहेत असं तिकडचे लोक म्हणतात."

एजे खुर्चीतून अर्धी उठली. "मग तेच लिहून द्या!"

"पण ते इथे नाहीत असं मी नाही म्हणू शकत. श्रद्धेचा प्रश्न आहे."

बाहेर आल्यावर एजेनं बाजारात उभ्याउभ्या दोन वाट्या थंड आंबट शेवया खाल्ल्या. तिखट इतकं घातलं की डोळ्यांतून पाणी. ते तिखटाचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"सगीन, मी गेल्यावर मी मेले असा दाखला तरी हे लोक देतील का रे? का म्हणतील, श्रद्धेचा प्रश्न आहे?"

जुलैच्या सुरुवातीला कुबात-अगाय आले. अकादमीत चाळीस वर्षं काढलेले, आता निवृत्त, पातळ केसांचे, कोटाच्या खिशात रुमालात बांधलेल्या गोळ्या. अगाय म्हणजे गुरुजी. त्यांना कुणीही तशीच हाक मारेल असा चेहरा. ते आले तेच हात जोडून. "मी खणायला आलेलो नाही, कालिपा. मी माफी मागायला आलोय."

एजेनं त्यांना बसवलं. चहा, साय, गरम तळलेले बोर्सोक. ते एकही न खाता बोलायला लागले.

"चौऱ्याऐंशी साली मी विद्यार्थी होतो. लेनिनग्राडहून मोहीम आली होती, मी त्यांच्यात फावडं मारायला. आम्ही खरं तर दहा किलोमीटर पलीकडे खणत होतो. तिथे एक दिवस तुमचे यजमान आले. म्हणाले, माझ्या नांगराला क्रूस कोरलेला दगड लागला. कुठे? तर घराच्या मागे. दगड कुठाय? म्हणाले, घाबरून सरोवरात टाकला."

एजेचा हात किटलीवर थांबला.

"अकरा दिवस खणलं. तीन मीटर खोल, चौरस, भिंती सरळ. आमच्या साहेबांना भिंत तिरकी गेलेली चालायची नाही. सापडलं काय, तर घोड्याचा जबडा आणि एक बाटली. शेवटच्या दिवशी शारशे म्हणाले, तुम्ही दमलात, खड्डा बुजवू नका, मी बुजवतो."

"नाही," एजे म्हणाली.

"पुढच्या वसंतात साहेब भेटायला आले, तर खड्ड्यावर छप्पर. आत शिडी. फळ्या."

"नाही!"

"आणि बटाट्याची पोती."

एजे उठली, परसात गेली, तळघराचं दार उघडून खाली बघत उभी राहिली. आम्ही तिच्या मागे. मी त्या तळघरात हजारदा उतरलोय. भिंती खरंच सरळ आहेत.

"लग्न होऊन आले तेव्हा मला म्हणाला होता, सामूहिक शेतीनं खणून दिलं. उत्तम ट्रॅक्टरचालक म्हणून बक्षीस." तिनं दार आपटलं. "चाळीस वर्षं मी शेजारणींना सांगत आलेय! बक्षीस!"

"साहेब खूप हसले होते," अगाय म्हणाले. "एक पोतं बटाटे घेऊन गेले. पण अहवालात एक ओळ राहून गेली. 'स्थानिक रहिवाशाच्या माहितीनुसार.' ती ओळ पुढच्यानं उचलली, त्याची त्याच्या पुढच्यानं. जुनी कागदपत्रं म्हणून टीव्हीवर जे दाखवलं, ते तुमचे यजमान आहेत. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं."

मला हसू आवरत नव्हतं. शारशे असाच होता. एजे माझ्याकडे बघत होती आणि ते बघणं मला पुरेसं होतं, मी खोकून घेतलं.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "आता खरं काय ते कळलं. आता खरं सांगून टाकू, संपलं."

तिला खरंच वाटलं होतं की संपलं. तिनं स्वतः बेगायिमला फोन केला. ती पोरगी दोन दिवसांत कॅमेरावाल्याला घेऊन हजर. एजेनं नवा रुमाल डोक्याला बांधला आणि सगळं सांगितलं: नवरा खोटं बोलला, तळघरासाठी बोलला, हे बघा तळघर, हे बघा पोतं, हे बघा अगाय. अगायनी जुन्या अहवालाची शिक्का मारलेली प्रत दाखवली, तिच्यात साफ लिहिलेलं की काहीही आढळलं नाही. बेगायिम मान डोलवत होती, मधूनमधून 'अपा, किती धीट आहात तुम्ही' म्हणत होती. जाताना तिनं दोन किलो बटाटेही नेले.

रविवारी आम्ही सगळे एजेच्या घरी टीव्हीसमोर बसलो. कार्यक्रम असा सुरू झाला: तळघराचं दार, अंधार, खाली जाणारी शिडी, भीतिदायक संगीत. बेगायिमचा आवाज: "त्या ट्रॅक्टरचालकानं शास्त्रज्ञांना खड्डा का बुजवू दिला नाही? चाळीस वर्षं हे कुटुंब त्या खड्ड्यावर छप्पर का घालून बसलंय?" मग एजेचा चेहरा, जवळून: "माझा नवरा खोटं बोलला." तेवढंच. पुढचं कापलेलं.

अगायनी गोळी काढून जिभेखाली ठेवली.

सोमवारी एकतीस माणसं. आता त्यांना शेत नकोच होतं, तळघर हवं होतं. एकानं खाली उतरून भिंत ठोकून पाहिली आणि पलीकडे पोकळ आवाज येतो म्हणाला. एजेनं वरून सांगितलं की पलीकडे संडासाचा खड्डा आहे, ठोक अजून. दुसऱ्यानं तिला बाजूला घेऊन समजावलं, "आजी, तुम्ही घाबरू नका, आम्हाला सगळं कळतं. तुमच्यावर दबाव आहे."

"कुणाचा?"

"ते तुम्ही सांगू शकत नाही, हेही कळतं."

मॉस्कोहून मुलाचा फोन आला, "आई, विकून टाक ती जमीन, माझ्याकडे ये." तिनं त्याला पंधरा मिनिटं झापलं आणि ठेवून दिला. रात्रभर तिला झोप नसायची. सकाळी डोळे लाल, बोलणं तुटक. मी माझी गाडी जवळजवळ बंदच ठेवली होती, आणि माझी बायको मला म्हणायला लागली होती की मत्तयाला आपल्या रेशनकार्डावरच चढवून टाका.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी दोन अख्ख्या सरी उपटल्या. रोपं फुलावर आलेली. मुळांना बोराएवढे बटाटे लोंबत होते. एजे त्या सरीत खाली बसली, एक रोप हातात घेऊन, आणि नेमका तेव्हाच अल्माटीचा एक दाढीवाला तांब्याच्या दोन वाकड्या तारा हातात धरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आजी, इथे फार जोराची ओढ आहे."

एजेनं वर पाहिलं. मला वाटलं आता ती ते रोप त्याच्या तोंडावर मारणार. पण ती अगदी थकल्या आवाजात म्हणाली, "उशीर झाला तुम्हाला. घेऊन गेले."

"काय? कोण?"

"मठातला म्हातारा साधू. एकोणीसशे सोळा सालात. आमचे लोक चीनकडे पळाले ना, उर्कूनमध्ये, त्यांच्याबरोबर. पांढऱ्या खेचरावर, निळ्या कापडात गुंडाळून. माझी आजी सायकाल तेव्हा सहा वर्षांची होती, त्या खेचराच्या मागे चालत होती. खिंडीपर्यंत त्यानं नेलं. खिंडीच्या अलीकडे चोंग-ताशच्या खोऱ्यात बर्फ लागलं, तिथे त्यानं पुरलं. आजी मरताना सांगून गेली. आता झालं समाधान?"

दाढीवाल्याच्या हातातल्या तारा खाली आल्या. त्यानं फोन काढला. "आजी, हे पुन्हा एकदा सांगाल?"

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी खेचराचं नावही सांगितलं.

खरं सांगायला तिला दोन महिने, चार कचेऱ्या, एक प्राध्यापक आणि एक शिक्क्याचा कागद लागला होता, आणि कुणाला पटलं नव्हतं. हे तीन मिनिटांत पटलं, आणि दाढीवाल्याच्या फोनवरून थेट बेगायिमच्या कार्यक्रमात गेलं. चार दिवसांत शेत रिकामं. दुकानवाल्या बाईकडे आइस्क्रीम वितळायला लागलं.

मी तिला विचारलं, "एजे, आजीचं नाव का घातलंस?"

"आजी खिंड ओलांडून गेलीच होती. खोटं नाही ते."

"बाकीचं?"

"बाकीचं जोडलं. शारशे तळघरासाठी बोलला, मी बटाट्यांसाठी. मला त्रास देऊ नकोस, सगीन. मला झोपायचंय."

उर्कूनबद्दल, म्हणजे सोळा सालच्या बंडानंतरच्या त्या पळापळीबद्दल, आमच्याकडे फार बोलत नाहीत. झारचे सैनिक मागे, समोर हिमनद्या. किती माणसं त्या खिंडींत राहिली, याचा कुणी नीट हिशेब केला नाही. आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर दोन भाऊ होते. वर्षभरानं परतली तेव्हा एकटी. त्या भावांची नावंही तिनं आम्हाला कधी सांगितली नाहीत.

सप्टेंबरच्या मध्यावर आम्ही बटाटे काढत होतो तेव्हा अगायचा फोन आला. एजेनं स्पीकर लावला, हात मातीत होते.

"कालिपा, तुमच्या घरात खोटं बोलायची साथ आहे का? मला तीन संशोधकांची पत्रं आलीत. एक जण तुमच्या आजीवर निबंध वाचणार आहे. खेचराचं नाव काय म्हणे, आक्कूश?"

"सुचलं ते बोलले, अगाय."

"माझ्या साहेबांनी एक ओळ लिहिली होती. तुम्ही तर अख्खं प्रकरण लिहिलंत." ते हसत होते, पण दुखावलेलेही होते, आवाजात दोन्ही होतं.

आणि तिसऱ्या दिवशी दुसरा फोन. अनोळखी नंबर, वारा, घरघर.

"कालिपा म्हणजे तुम्हीच का? बटाटेवाल्या?"

"हो. आपण?"

"जापार. चोंग-ताशात माझी मेंढरं असतात उन्हाळ्यात. बाई, तुम्हाला लाज आहे का?"

एजे पोत्यावर बसली.

"महिनाभर माझ्या कुरणावर माणसं खणतायत. मी म्हटलं खणा, वेडी आहेत. काल तिघं जण निघून गेली आणि मी पाहायला गेलो. हाडं काढून ठेवलीत वर. माणसांची. दगडावर मांडून फोटो काढले, आणि क्रूस नाही, पेटी नाही म्हणून टाकून गेले. उघडी. कुत्री आहेत माझ्याकडे, बाई, मी रात्रभर कुत्री बांधून जागा बसलो. आमच्या बापजाद्यांनी त्या दगडांना कधी हात लावला नाही. आमची माणसं आहेत ती. तुमचीही असतील. तुम्ही टीव्हीवाल्यांना त्यांचा पत्ता दिलात!"

तो बोलतच होता. एजे एकदाही 'पण' म्हणाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला कुणाचं इतका वेळ ऐकून घेताना पाहिलं. तो दमून थांबला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी उद्या येते. कुत्री बांधूनच ठेवा."

मी साडूची निवा गाडी मागून आणली, माझी गाडी तो घाट चढली नसती. एजेनं घरातलं पांढरं कापड होतं तेवढं घेतलं, आणि पहाटे मोल्दोंच्या दारात जाऊन उभी राहिली. मोल्दोंनी लगेच जोडे घातले. बार्स्कूनचा घाट, मग ते उघडं पठार, जिथे झाडाची काडी नाही. सहा तास लागले. वाटेत एजे एकदाच बोलली. "सुचलं ते बोलले म्हणाले मी अगायना. सुचलं नव्हतं. आजीचं घर मला माहीत होतं, आजीची वाट माहीत होती, म्हणून सुचलं."

"तुला त्यांनी त्या थराला आणलं, एजे."

"आणलं. पण बोलले मीच."

जापार साठीचा, वाऱ्यानं करपलेला, भांडायच्या तयारीनं उभा होता. पण आम्ही उतरलो आणि एजेनं कापडाचं गाठोडं काढलं, तेव्हा त्यानं टोपी मागे सारली आणि नुसता चालायला लागला. त्याच्या मेंढ्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर सात खड्डे होते. आमच्या शेतातल्यासारखेच, तिरके, घाईचे. हाडं त्यानं आपल्या लोकरीच्या नमद्याखाली झाकून चारी कडांना दगड ठेवले होते.

किती माणसं, ते आम्हाला नाही कळलं. मोल्दो म्हणाले, तीन असतील, एक लहान. एजेनं ती कापडात ठेवली. आम्ही चौघांनी त्यातल्याच एका खड्ड्याची नीट कबर खणली, जमीन दगडासारखी कडक, दुपार त्यातच गेली. मोल्दोंनी कुराण म्हटलं. माती लोटायच्या वेळी जापारनं फावडं पुढे केलं, तर एजेनं ते घेतलं नाही. गुडघ्यावर बसून हातांनीच लोटली. मग उठली, बाकीचे सहा खड्डे एकेक करून बुजवायला लागली. आम्ही तिला थांबवलं नाही. शेवटच्या दोनांना जापार तिच्यासोबत होता.

त्याच्या तंबूत चहा घेताना तो म्हणाला, "फोनवर मी फार बोललो."

"कमीच बोललात."

"बटाटे तरी चांगले आलेत का?"

"आलेत." तिनं आणलेलं पोतं मी गाडीतून काढलं. त्यानं घेतलं.

परतताना घाटात रेंज आली आणि बेगायिमचा फोन. "अपा! चोंग-ताशात हाडं सापडली म्हणे! आम्ही उद्याच निघतो!"

"सापडली," एजे म्हणाली. "मत्तय नाही. आपली माणसं आहेत, उर्कूनमधली. खेचराची गोष्ट मी बनवली होती. येतेस? हे सगळं दाखवशील? पूर्ण, न कापता?"

"अपा, तो विषय जरा... वेगळ्या कार्यक्रमाचा आहे. मी विचारून सांगते."

एजेनं फोन बंद केला. "सगीन, गाडी थांबव." थांबवली. ती कडेला बराच वेळ उभी राहिली, वारा खात, आणि मोल्दो आत बसून माझ्याकडे न बघता म्हणाले की चिंध्यांच्या वेळी आपणही जरा तोंड सांभाळायला हवं होतं.

अगायनी हिवाळाभर अर्ज केले. त्यांचा शिक्का या वेळी कामाला आला. पुढच्या मेमध्ये चोंग-ताशात कुंपण झालं आणि एक साधा दगड लागला, त्यावर साल आहे, नावं नाहीत. निबंध वाचणाऱ्यानं निबंध वाचलाच. त्याला एजेनं दोनदा फोन करून सांगितलं की मी खोटं बोलले. तो म्हणाला, साक्षीदार भावनेच्या भरात साक्ष फिरवतात, हेही त्यानं तळटीपेत नोंदवलंय.

यंदा मत्तय सरोवरात गेलाय. मठ पाण्याखाली बुडाला असं आता ठरलंय आणि रबरी कपडे घातलेली माणसं आमच्या गावातून काठाकडे जातात. काही जण एजेच्या दारात थांबून वाट विचारतात. ती बटाट्याची साल काढता काढता हातानं पाण्याची दिशा दाखवते. आजी, तुम्हाला काय वाटतं, खरंच असेल का तो तिथे, असं एखादा विचारतो. एजे त्याच्याकडे बघते, दुसरा बटाटा उचलते, आणि खरं का खोटं, काहीच बोलत नाही.